चिठ्ठीविना बाटली

चतुर्थीचा सण आटोपतो, पाऊस ओसरू लागतो आणि गोमंतकातील घराघरांत खोकल्याचे दिवस सुरू होतात. घरातील एखादे माणूस रात्रभर खोकत राहिले की सकाळी कोणीतरी नाक्यावरच्या फार्मसीत जाते आणि ‘खोकल्याची एक बाटली द्या’ एवढेच सांगून ती घेऊन येते. खोकला कोणाचा, किती दिवसांचा, कोरडा की कफाचा, आजाऱ्याचे वय काय, याची चौकशी करण्याची प्रथा नाही. केलीच तर गिऱ्हाइकालाच राग येतो. त्या एका बाटलीतून आजोबा दोन चमचे घेतात, सून एक चमचा घेते आणि नातवाला अर्धा चमचा पाजला जातो. उरलेली बाटली कपाटात जाते आणि पुढच्या मोसमात शेजाऱ्याच्या उपयोगी पडते. औषधाला सरबताचा दर्जा देण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही गैर आहे असे कोणालाच वाटत नाही.

२०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या देशाला काही दिवस तसे वाटले होते. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी ‘कोल्ड्रिफ’ नावाचे सिरप दिलेली लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. उपचारांसाठी कित्येकांना नागपूरला आणावे लागले; तरी वीसहून अधिक बालके वाचली नाहीत. सिरप तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातील एका कारखान्यात तयार झाले होते. तेथील सरकारी प्रयोगशाळेने तपासणी केली तेव्हा त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. या विषाची आणि आपली ओळखही जुनी. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. त्यानंतर जम्मूतील रामनगर झाले, २०२२ साली गांबिया आणि उझबेकिस्तान झाले. प्रत्येक वेळी हळहळ झाली, धाडी पडल्या, परवाने रद्द झाले आणि प्रकरण विस्मृतीत गेले.

कारखान्यातील हा अपराध सरकारने निपटून काढला पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. सिरपातील विष चव घेऊन वा रंग पाहून घरच्या माणसांना ओळखता येत नाही. ते काम प्रयोगशाळेचे आणि निरीक्षकाचेच आहे. परंतु त्या गदारोळात प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग झाकला गेला. बाटलीत भेसळीचा थेंबही नाही, औषध शुद्ध आहे, कंपनी नामांकित आहे. तरीही ते चुकीच्या माणसाला, चुकीच्या मापाने किंवा गरज नसताना दिले गेले तर काय होते? आम्हाला आज वाचकांशी बोलायचे आहे ते या शुद्ध औषधाबद्दल. विशेषतः खोकला दाबणाऱ्या आणि कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळावयाच्या औषधाबद्दल.

मुळात खोकला हा रोग नव्हे. श्वासनलिकेत धूळ, धूर, कफ किंवा अन्नाचा कण गेला की तेथील मज्जातंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला वर्दी देतात आणि ते केंद्र छातीच्या व पोटाच्या स्नायूंकडून हवेचा जोरदार झोत काढवून घेते. घराला राखणदार असावा तसा हा शरीराचा राखणदार आहे. तो रात्री ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधावयाचे, की तो कोणाला पाहून ओरडतो ते उठून पाहावयाचे, असा हा प्रश्न आहे. सर्दी-पडशानंतरचा खोकला बहुधा तीन आठवड्यांत आपोआप जातो. पण दोन आठवडे उलटूनही खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या, असे क्षयरोग निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम वर्षानुवर्षे सांगत आला आहे आणि ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. दम्याचा खोकला वेगळा, जठरातील आम्ल वर येऊन होणारा खोकला वेगळा, विडी-सिगारेटचा वेगळा. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांमुळेही काही जणांना कोरडा खोकला लागतो. त्यांनी बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या तरी उपयोग नाही, गोळी तेवढी डॉक्टरकडून बदलून घ्यावी लागते. ज्याच्या छातीत कफ भरला आहे त्याचा खोकला औषधाने दाबणे म्हणजे घरातील केर बाहेर जाण्याचा दरवाजाच बंद करणे होय.

आता ही दाबणारी औषधे कोणती ते पाहू. त्यांतील सर्वांत जुने आणि सर्वांत बलवान म्हणजे कोडीन. रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली ते अफूतून वेगळे काढले. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकणारी अफू नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत जाते आणि तीतून औषधी द्रव्ये निघतात. खोकल्याची बाटली आणि अफूचे बोंड यांचे नाते असे थेट आहे. या घराण्याने पूर्वीही जगाला एकदा फसवले आहे. १८९८ साली जर्मनीतील बायर कंपनीने खोकल्यावरचा नवा, निर्धोक उपाय म्हणून जे औषध मोठ्या दिमाखात बाजारात आणले त्याचे नाव हेरॉइन. आज ते नाव कोणत्या यादीत आहे हे सांगावयास नको.

कोडीन वाईट आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण कोरड्या खोकल्याने रात्ररात्र तळमळत असेल, कोणाची बरगडी मोडली असेल, कोणाच्या टाक्यांवर खोकल्याचा ताण पडत असेल, तर खोकला दाबणे हीच दया ठरते आणि अनुभवी डॉक्टर तेथे ते विचारपूर्वक वापरतो. पण साध्या पडशाच्या खोकल्यावर कोडीनचा काही विशेष उपयोग होतो याचा भक्कम पुरावा नाही. म्हणजे जेथे त्याची खरी गरज असते तेथे ते क्वचित लागते, आणि जेथे गरज नसते तेथे ते सर्रास वापरले जाते.

त्याचे धोके समजून घेतले तर चिठ्ठीची अट का घातली आहे हे उमगते. पोटात गेलेल्या कोडीनपैकी काही भागाचे यकृत मॉर्फिन बनवते. हे काम प्रत्येकाच्या शरीरात सारख्या गतीने होत नाही. काही माणसांत, जन्मतःच, ते फार झपाट्याने होते आणि नेहमीच्या मापाचा घोटही त्यांना अतिरिक्त मॉर्फिन टोचल्यासारखा बाधतो. झोप गाढ होते, श्वास मंदावतो आणि प्रसंगी थांबतो. आपण त्या माणसांपैकी आहोत की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही. लहान मुलांत हा धोका अधिक म्हणून युरोपच्या औषध संस्थेने २०१५ साली १२ वर्षांखालील मुलांच्या खोकल्यासाठी कोडीन वर्ज्य ठरवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली अंगावर पाजणाऱ्या मातांनाही ते न घेण्याचा इशारा दिला, कारण आईच्या दुधातून मॉर्फिन बाळाकडे जाते. आणि २०१८ साली खोकल्यासाठी त्याचा वापर १८ वर्षांवरील व्यक्तींपुरताच मर्यादित केला.

प्रौढांनाही ते सरसकट चालते असे नाही. दम्याच्या आणि जुनाट श्वासविकाराच्या रुग्णांना ते घातक ठरू शकते. वृद्धांना बद्धकोष्ठ होते, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांची लघवी अडते, रात्री उठताना तोल जाऊन पडण्याची भीती असते. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्यावर कोडीनची भर घातली तर दोन्ही औषधे मिळून श्वास दाबतात. दारूचेही तेच. आणि येथे आम्हा गोमंतकीयांना जरा आपल्या घरात डोकावून पाहिले पाहिजे. संध्याकाळचा पेला ज्या समाजात सहज मानला जातो, त्या समाजात ‘औषध घेतल्यावर तासाभराने घेतली तर काय बिघडते?’ हा प्रश्न थट्टेने विचारला जातो. बिघडते ते असे की त्या रात्री माणूस उठत नाही. दिवसा औषध घेऊन मोटारसायकल, ट्रक वा ट्रॉलर चालवणाऱ्याची डुलकी तर त्याच्यापुरतीही मर्यादित राहत नाही.

कोडीनऐवजी दुसरे, डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे औषध असलेल्या बाटल्या अधिक प्रमाणात खपतात. ते सौम्य आहे असा समज आहे आणि मोठ्यांच्या बाबतीत योग्य मापात तो बराचसा खराही आहे. पण मनोविकारांवरील काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधते, आणि लहानग्यांच्या बाबतीत तर सौम्यपणाचा तो समज २०२१ साली दिल्लीत पार कोसळला. तेथील कलावती सरन बाल रुग्णालयात डेक्स्ट्रोमेथॉर्फनची विषबाधा झालेली १६ मुले आली आणि त्यांतील तीन दगावली. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्यानंतर चार वर्षांखालील मुलांना हे औषध देऊ नये असे बजावले. छिंदवाड्याच्या प्रकरणानंतर त्याच महासंचालनालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आणखी स्पष्ट सांगितले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देण्यासारखी नाहीत. ज्या वयाच्या मुलांना आपण सर्वांत मायेने चमचा पाजतो, त्याच वयाला तो सर्वांत निषिद्ध आहे.

कायदा याबाबत मुका नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांखालील ‘एच-१’ अनुसूची २०१४ च्या मार्चपासून अंमलात आली आणि तिच्यात कोडीनचा समावेश आहे. अशा औषधाच्या वेष्टनावर लाल चौकटीतील इशारा छापावा लागतो. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीविना ते विकता येत नाही. विक्रेत्याने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे सांभाळावी लागते. २०१६ साली केंद्राने ३४४ मिश्र औषधांवर एका फटक्यात बंदी घातली, त्यांत कोडीनची प्रसिद्ध खोकल्याची मिश्रणेही होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी त्याच वर्षी रद्द ठरवली. २०२३ च्या जूनमध्ये पुन्हा १४ मिश्रणे बंदीच्या यादीत आली आणि त्यांत क्लोरफेनिरामाइन व कोडीनचे सिरप होते. एकाच औषधावरची ही बंदी-मोकळीक-बंदी पाहिल्यावर नागरिक गोंधळला तर त्याला दोष देता येणार नाही. दरम्यान बांगलादेशच्या सीमेवर सीमा सुरक्षा दलाचे जवान हीच सिरपे पोत्यापोत्यांनी पकडत राहिले. खोकल्याची बाटली पोत्यातून चोरवाटेने जाते तेव्हा ती खोकल्यासाठी जात नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. नशेसाठी बाटली तोंडाला लावणारा तरुण एकदा तिच्या आहारी गेला की ती न मिळाल्यास अंग मोडून येते, झोप उडते, चित्त थाऱ्यावर राहत नाही. अशा मुलाला गुन्हेगार म्हणून हिणवून भागणार नाही. त्याला उपचार हवेत. पण त्याच्या हाती पहिली बाटली चिठ्ठीविना कोणी दिली, हा प्रश्न त्याच्या आधी विचारला पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या गावातील मजुराने साध्या खोकल्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून, बसभाडे खर्चून डॉक्टरकडे जावे काय? फार्मसीवाला हाच त्याचा डॉक्टर असतो. ती वाट बंद केली तर गरिबाने खोकतच राहावे असे म्हणण्यासारखे होईल. आक्षेपातील कळकळ आम्हाला मान्य आहे; निष्कर्ष मान्य नाही. साध्या खोकल्याला ही औषधे लागतच नाहीत. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, पाण्याची वाफ, डोके थोडे उंच ठेवून झोपणे, आणि एक वर्षावरील मुलाला व मोठ्यांना चमचाभर मध, यांनी बहुतेकांचा खोकला सुसह्य होतो. (एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये, त्यातून होणारी विषबाधा जीवघेणी असते. तान्ह्याजवळ वाफेचे उकळते भांडेही नको.) गरिबाचे पैसे वाचवावयाचे तर निरुपयोगी बाटलीचेच प्रथम वाचवावेत. आणि ज्या खोकल्याला खरोखर औषध लागते, त्याला डॉक्टरही लागतो. तो डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळेवर भेटेल अशी व्यवस्था करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, फार्मसीच्या फळीवर ढकलून देण्याचे काम नव्हे.

डॉक्टरमंडळींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. छिंदवाड्यातील अनेक मुलांना ते सिरप डॉक्टरनेच लिहून दिले होते, हे विसरून चालणार नाही. रुग्णाला काहीतरी दिल्याचे समाधान मिळावे म्हणून खरडलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीविना मिळालेली बाटली यांत फारसे अंतर नाही. ‘याला औषध लागत नाही, आठ दिवसांत बरा होईल, अमुक लक्षण दिसले तर मात्र परत या’ असे सांगणाऱ्या डॉक्टरची फी वाया गेली असे मानण्याची आपली सवय जावयास हवी. न दिलेल्या औषधाचेही मोल असते.

घरच्या माणसांनी काय करावे ते सोपे आहे. खोकला दाबण्याचे औषध डॉक्टरने लिहून दिले तर तेथेच विचारावे: हे कशासाठी, किती, दिवसातून किती वेळा, आणि कोणत्या दिवशी बंद करावयाचे? आपण घेत असलेल्या इतर गोळ्या, दम्यासारखे जुने आजार, गरोदरपण वा अंगावरचे मूल यांची माहिती आपण होऊन द्यावी. दारूची सवय लपवू नये. माप बाटलीबरोबर मिळालेल्या झाकणानेच किंवा मापाच्या चमच्यानेच घ्यावे. घरातील चमचे एकसारखे नसतात. खोकला थांबला नाही म्हणून माप वाढवू नये. एकाची बाटली दुसऱ्याला देऊ नये आणि मोठ्याची बाटली अर्ध्या मापाने मुलाला तर कधीच नाही. बिल मागून घ्यावे आणि ते व बाटली औषध संपेपर्यंत टाकू नये. काही विपरीत घडल्यास वेष्टनावरील बॅच क्रमांक हाच धागा असतो. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी उंचावर, कुलपात ठेवावी. औषध घेतलेला माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, त्याचा श्वास मंद वा घरघरता झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा मुलाची लघवी थांबली असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. कोडीनच्या विषबाधेवर नालोक्सोन हा उतारा आहे; पण तो वेळेत पोहोचला तरच. खोकल्याबरोबर रक्त पडणे, धाप लागणे, छातीत दुखणे, वजन घटणे किंवा सायंकाळचा ताप यांपैकी काहीही असेल तर तेथे बाटलीचा विचारही करू नये.

राज्याच्या औषध प्रशासनाकडे आमची मागणी मोठी नाही. नवा कायदा नको. आहे त्या कायद्याची ती वही उघडून पाहा. कोणत्या दुकानात किती कोडीन आले, किती चिठ्ठ्यांवर गेले आणि किती उरले, हा तीन रकमांचा हिशेब आहे. तो जेथे जुळत नाही तेथे कारवाई करा आणि तपासणीचे निष्कर्ष दर सहा महिन्यांनी लोकांसमोर ठेवा. प्रामाणिकपणे चिठ्ठी मागणारा विक्रेता आज गिऱ्हाईक गमावतो आणि न मागणारा कमावतो. ही उलटी रीत शासनानेच सुलटी करावयास हवी. तोवर वाचकांनी आपल्यापुरते एवढे करावे: पुढच्या वेळी फार्मसीवाल्याने ‘चिठ्ठी कुठे आहे?’ असे विचारले तर रागावू नये. तो आपल्या घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत म्हाताऱ्या माणसाची चौकशी करीत आहे, असे समजावे.